पेढ्यांची साक्ष

आपल्याकडे मरणाची बातमी कधी सरळ घरात शिरत नाही. आधी ती ‘तब्येत जरा जास्त आहे’ होऊन येते, मग ‘डॉक्टर प्रयत्न करताहेत’ होते, आणि निघालेला माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचून दारापुढच्या चपला बघतो तेव्हा कुठे तिचं खरं नाव त्याला कळतं. सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाराही मनातून समजून असतो. तरी हे खोटं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कारण त्यात थोडी दया असते. वाटेत कोसळू नये माणूस, इतकीच ती दया.

नागपूरच्या सारंग वैरागडेनेही तेच केलं. सकाळचा चहा झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या त्याची आई, कुमुदताई, गेली. चष्मा डोळ्यांवर तसाच होता. डॉक्टर येऊन मान हलवून गेले, आणि सारंगने मेलबर्नला बहिणीला फोन लावला.

“केतू, आई सिरीयस आहे. निघ लवकर.”

केतकीने विचारलं, “खरं सांगतोयस ना दादा?”

“खरं नाही तर काय. मिळेल त्या विमानाने ये.”

तिने असं विचारायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी केतकी नवऱ्याला, समीरला, सोडून लेकीसह वेगळी राहू लागली. कुमुदताईंना ते सोसलं नाही. मायलेकींचं बोलणं बंद पडलं. तेव्हा सारंगने शक्कल लढवली. आईचा दवाखान्यातल्या खाटेवरचा, नाकात नळी घातलेला फोटो त्याने यंत्राकडून बनवून घेतला आणि बहिणीला पाठवला. वामनमामांना फोनवर रडायला लावलं. बिचारी जिवाच्या आकांताने धावत आली, तर दिवाणखान्यात समीर बसलेला, आणि आई स्वयंपाकघरात गोळाभाताची तयारी करत होती. “नळीत बरी दिसते गं मी,” असंही कुमुदताई हसून म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, हसण्यावारी जाईल. केतकी बॅगसुद्धा न उघडता दुसऱ्या दिवशी परत गेली. सारंगला त्याबद्दल अजून वाईट वाटायचं, पण ‘चांगल्यासाठीच केलं’ या वाक्याने माणूस काय काय पचवतो.

या खेपेला मात्र तो खोटं बोलला ते निव्वळ मायेने. एकटी बाई, अनोळखी माणसांच्या मधे रात्रभर विमानात अडकलेली. रडायचं झालं तर कोणाच्या खांद्यावर रडणार? घरी येऊ दे, आईचा चेहरा बघू दे, मग सांगता येईल. तोवर थांबायचं, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. घरात देह ठेवायला शीतपेटी आली.

त्याच्या बायकोच्या, दर्शनाच्या, लक्षात वेगळीच गोष्ट आली. “अहो, केतकीताई सिंगापूरला विमान बदलतील. तिथे दुकानात गेल्या तर?”

सोयऱ्याला सारंग विसरलाच होता.

आता सोयरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. विमानतळावर साबणाची वडी घ्या नाहीतर चॉकलेट घ्या, काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास मागते, हे आपल्या इतक्या अंगवळणी पडलंय की ती का मागते असं कोणी विचारत नाही. सुरुवातीला कारण साधं होतं. देशाबाहेर चाललेल्या मालावर कर माफ, आणि माल खरंच बाहेर चाललाय याचा पुरावा म्हणजे तो पास. पण ज्यांचा करमाफीशी संबंध नव्हता तेही पास मागू लागले, कारण त्यावरच्या ठिपक्यांच्या चौकोनात नाव, विमान, आसन असं बरंच काही दडलेलं असतं. कुठल्या गावाला जाणारं गिऱ्हाईक काय उचलतं हे कळलं, की फळीवर काय मांडायचं ते कळतं. इथवर सगळी दुकानदारी होती. सारंगचं स्वतःचं टाइल्सचं दुकान, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटत नसे.

पुढची उडी संख्याशास्त्रवाल्यांनी मारली. एकट्या प्रवाशाच्या खरेदीवरून फारसं काही कळत नाही. पण एकाच गोतावळ्यातली पाचसहा माणसं वेगवेगळ्या शहरांतून एकाच दिवशी एकाच गावी निघाली, की त्या सगळ्यांच्या प्रवासाचा मिळून एक नमुना तयार होतो. तिकीट किती आधी काढलं, सामान किती, परतीचं केव्हाचं, आणि दुकानात काय घेतलं. असे लाखो नमुने यंत्रापुढे ठेवले, प्रत्येकाबरोबर प्रवासाचं खरं कारण सांगितलं, की यंत्र त्यातलं साम्य आपलं आपण शिकतं. लग्न, बारसं, आजारपण, वाटणी, सगळं ते ओळखायला लागतं. आणि सर्वांत बोलका पुरावा निघाला तो न घेतलेल्या वस्तूंचा. आपला माणूस कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. जातो तो फक्त सुतकाच्या घरी. घाईघाईने तिकिटं काढलेली सहा माणसं एकाच गावाला निघाली आणि एकानेही साधा बिस्किटाचा पुडा घेतला नाही, तर त्या गावात काय झालंय हे सांगायला ज्योतिषी नको.

या यंत्राला कुणीतरी सोयरा असं लाडिक नाव दिलं. कुटुंबसवलत मिळते म्हणून लोकांनी आपली अख्खी वंशावळ, वाढदिवसांसकट, त्याच्या स्वाधीन केली. मग तुम्ही पास दाखवला की काउंटरवरच्या पडद्यावर यायचं: तुमच्या घरचे कोणकोण निघालेत, कशासाठी, कोणी काय घेतलंय. दोन घरचे दोन सारखे डबे नकोत, एवढीच सोय. पण लोकांना त्या सोयीचं वेड लागलं. मयत ओळखलं की सोयरा मिठाईच्या जागी पाणी आणि रुमाल सुचवायचा. गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला वडील गेल्याचं दुबईच्या चॉकलेटच्या दुकानात कळलं होतं, ते सारंगला आठवलं.

आणखी एक होतं. आवाज, फोटो, चालतीबोलती माणसं, काहीही हुबेहूब बनवून मिळत असल्यामुळे आपल्या माणसाच्या तोंडावरही कोणी विश्वास ठेवीना. सोयऱ्यावर मात्र ठेवत. दुकानदाराला आपल्याशी खोटं बोलून काय मिळणार? त्याचा अंदाज चुकला तर त्याचाच माल पडून राहतो. भावाच्या शब्दापेक्षा दुकानाच्या पडद्याला वजन आलं, असा तो काळ.

सारंगने डोकं चालवलं. त्याच्या डोक्याची एक खोड होती, एका खोट्याला टेकू म्हणून तो लगेच दुसरं शोधायचा.

“सगळ्यांना फोन करतो,” तो दर्शनाला म्हणाला. “येताना विमानतळावर पास दाखवून पेढे घ्यायचे. प्रत्येकाने.”

“मयताला येताना पेढे?”

“केतूसाठी. खायचे थोडीच आहेत?”

पुण्याचे काका कुरकुरत तयार झाले. दिल्लीची आत्या ‘शिव शिव’ म्हणत तयार झाली. अडले ते भोपाळचे वामनमामा.

“सारंग, माझी पाठची बहीण गेली रे. आणि मी पेढे घेऊ? काय बोलून राहिला तू?”

“मामा, पिशवीत घाला. कोणाला दिसत नाही. पोरगी एकटी येऊन राहिली तिकडून. तिला वाटेत कळलं तर काय होईल, तुम्हीच सांगा.”

‘बघतो,’ म्हणून मामांनी फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत माणसं येत गेली. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नव्हती, त्या घराच्या फ्रिजवर पेढ्यांच्या डब्यांची चळत लागली. भेटायला आलेले शेजारी तिकडे बघत, आणि बघितलं नाही असं दाखवत. वामनमामा शीतपेटीपाशी बसले ते उठेनातच. काउंटरवरच्या मुलीने त्यांना हसून ‘काय विशेष, काकाजी?’ विचारलं होतं. “मी म्हटलं, बहिणीकडे चाललो,” एवढं सांगून ते पंचाने डोळे पुसत राहिले. सारंगला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस थांबतो थोडाच.

सगळ्यांत शेवटी बंगळूरची मावसबहीण नयना आली. तिच्या हातात पेढ्यांसोबत एक लांबट पिशवी होती.

“हे काय?” दर्शनाने विचारलं.

नयना ओशाळली. “पेढे घेतले तर त्या सोयऱ्याने साडी दाखवली गं. निम्म्या किमतीत. म्हटलं, आपण नाटकच करतोय तर पुरतं करू.”

रेशमी, डाळिंबी रंगाची साडी होती ती. दुःखातसुद्धा माणूस सवलत सोडत नाही, याचा राग नयनावर काढून काय उपयोग? सारंगला उलट बरंच वाटलं. आता सोयऱ्याला मयताचा वास येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीचा फोन आला. ती सिंगापूरला उतरली होती. नागपूरचं विमान सुटायला अवकाश होता.

“आई कशी आहे, दादा?” आवाज थंड होता.

“तशीच आहे. तू ये.”

“तशीच म्हणजे? नाकात नळी?”

सारंग उठून शीतपेटीच्या खोलीत गेला, आणि तिथे गेल्यावर आपण इथे का आलो ते त्याला कळेना.

“मी आईसाठी शाल बघत होते,” केतकी म्हणाली. “म्हटलं, बरी होऊन उठली की पांघरेल. दुकानात पास दाखवला. समोर काय आलं सांगू? कुमुदताईंची पंच्याहत्तरी. तुमच्या घरचे सहा जण पोचलेत. पेढे झाले, साडी झाली, शाल चांगली दिसेल.”

आईला पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पुरी झाली असती. ही तारीख सारंगनेच सोयऱ्याला दिलेली. माणसं गोळा होताहेत, मयत नाही, लग्नाचं कोणी नाही. मग उरलं काय? यंत्राने आपल्या परीने चोख हिशेब मांडला होता.

“केतू, ऐक माझं...”

“नयनाने डाळिंबी साडी घेतली. खोटं आहे?”

“नाही. पण...”

“मामांनी पेढे घेतले?”

“घेतले.”

“मग आईला काय झालंय?”

आता टेकू लावायला काही उरलं नव्हतं. सारंगने डोळे मिटले. “केतू, आई गेली. काल सकाळीच गेली. तुला वाटेत कळू नये म्हणून मीच सगळ्यांना पेढे घ्यायला लावले.”

केतकी हसली.

“किती रे डोकं लावतोस. मी येणार नाही असं वाटलं म्हणून थेट मारूनच टाकलंस तिला? पंच्याहत्तरीला ये म्हटलं असतंस तर आलेही असते मी. पण तसं नाही. अख्खं गोत गोळा करून मला मधे बसवायचं, आणि समजूत घालायची. समीरलाही बोलावलंय ना?”

“समीर नाही इथे. शपथेवर सांगतो. मामांशी बोल.”

मामांनी फोन घेतला. “बेटा, गेली गं तुझी आई,” एवढंच त्यांना बोलता आलं, पुढे हुंदका फुटला.

“मामा,” ती म्हणाली, “मागच्या वेळीही तुम्ही अगदी असेच रडला होतात.”

मामांनी फोन सारंगच्या हाती दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. सारंगने काचेतून आईच्या चेहऱ्याचा फोटो काढून पाठवला. डॉक्टरांचा दाखला पाठवला. ती बघतेय हे त्याला कळत होतं.

“छान जमलंय,” केतकी म्हणाली. “ओवीला ताप आहे दादा. लेकीला तापात शेजाऱ्यांकडे सोडून निघालेय मी. रात्रभर देवाला विनवत होते, की मी पोचेपर्यंत आईला ठेव, मला एकदा तिची माफी मागू दे. आणि तुम्ही पेढे घेताय.” तिचा आवाज आता फाटला होता. “बरं, आई सांगेल मला. आईकडे दे फोन.”

सारंग शीतपेटीजवळ फोन घेऊन उभा राहिला. पेटीच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. आत आईच्या कपाळावरचं कुंकू थोडं ओघळलं होतं.

“देतोस ना?” केतकीने विचारलं. थोडी वाट बघून तिने फोन बंद केला, आणि नंतर तो लागलाच नाही.

“रागात बोलली. येईल ती,” सारंग सगळ्यांना म्हणाला, आणि दुपारी दर्शनाला घेऊन विमानतळावर गेला. सिंगापूरचं विमान वेळेवर उतरलं. माणसं बाहेर आली, हार पडले, मिठ्या झाल्या. दार रिकामं झालं तरी तो उभा राहिला. शेवटी विमानातले कर्मचारी आपापल्या बॅगा ओढत निघून गेले, तेव्हा दर्शनाने त्याच्या दंडाला धरून गाडीकडे नेलं.

घरी पोचल्यावर काका म्हणाले, “आणखी किती थांबायचं, सारंग? हाल कशाला करायचे तिचे?”

कुमुदताईंना घाटावर नेलं. विधी झाले. अग्नी देताना सारंगला सारखं वाटत होतं, की आता मागून केतकी ‘दादा, थांब’ म्हणून ओरडेल. पण तसं काही झालं नाही, आणि आई गेली.

बाहेरगावची माणसं अंघोळी करून त्याच दिवशी परतीला लागली. निरोप घेताना कोणी कोणाला ‘या’ म्हणालं नाही, म्हणायचं नसतं. फ्रिजवरचे डबे दर्शनाने मोलकरणीला देऊ केले, तर तिनेही हात मागे घेतले.

रात्री आठच्या सुमारास सारंगचा फोन वाजला. केतकी होती. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

“दादा, आई गेली?”

सारंगला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “हो, केतू.”

“खरंच गेली?”

“तुला कोणी सांगितलं?”

“दुकानात,” ती म्हणाली. “परतीच्या विमानाला वेळ होता. ओवीसाठी रंगांची पेटी घेत होते. त्या बाईने पास घेतला, पडद्याकडे बघितलं आणि माझा हात धरला. माझी भाषासुद्धा येत नाही रे तिला. पडदा फिरवून दाखवला. पंच्याहत्तरी गेली होती तिथून, त्या जागी पाणी आणि रुमाल आले होते. माझी सगळी माणसं नागपूरहून परत चालली आहेत, आणि कोणी संत्राबर्फीचा एक डबासुद्धा घेतला नाही.”

सारंगला हसावं की रडावं कळेना. त्याने सांगितलं, मामांनी रडून सांगितलं, आईच्या चेहऱ्याचा फोटो काढून पाठवला, ते खोटं. आणि न घेतलेली बर्फी खरी. त्याला राग आला. तो स्वतःवरच यायला हवा होता, हेही त्याला लगेच कळलं, आणि तो गिळून टाकावा लागला.

“मी सकाळी सांगितलं होतं तुला,” तो हलकेच म्हणाला.

“हो.” ती रडत होती. लोकांसमोर, परक्या दुकानात, एकटी उभी राहून रडत होती. नेमकं हेच होऊ नये म्हणून त्याने एवढा खटाटोप केला होता. “उरकलं सगळं?”

“दुपारी. तुझी वाट बघितली खूप.”

“माझ्याबद्दल काही बोलली होती का रे?”

सारंगच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ‘तुझंच नाव घेत होती.’ किती सोपं होतं ते, आणि किती मायेचं. बोलला असता तर ती आयुष्यभर त्यावर जगली असती, किंवा आयुष्यभर त्यावर संशय घेत राहिली असती.

“नाही,” तो म्हणाला. “चहा पिऊन बसली होती. काहीच बोलली नाही.”

केतकीने नाक ओढलं. “दादा, तू सकाळी पाठवलेला फोटो आहे माझ्याकडे. तेवढाच आहे आता. तो खरा आहे ना?”

“खरा आहे.”

“तूच काढलास? बनवलेला नाही ना? मला आयुष्यभर बघायचाय तो. नक्की आईच आहे ना ती?”

“आईच आहे, केतू.”

तिला विश्वास ठेवायचा होता, हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं, आणि ते तिला जमत नव्हतं हेही कळत होतं. लहानपणी गोट्या लपवल्या की ती अशीच त्याच्यापुढे उभी राहायची.

“आईची शपथ घे,” ती म्हणाली.

सारंगने तोंड उघडलं, आणि शपथ खोटी निघाली तर मरायला आता आईच उरली नाही हे ध्यानात येऊन मिटून घेतलं. पलीकडे केतकीलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण तिचं रडणं एकदम थांबलं. दोघंही फोन धरून राहिली. तिच्या विमानाची घोषणा झाली, दुसऱ्यांदा झाली, तरी कोणाला काही सुचेना.